नव्वदीनंतरचा विसर: वयाचा, औषधांचा की आजाराचा?

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर कळेल. आजी ९४ वर्षांच्या आहेत, सातारा जिल्ह्यातल्या गावी काका-काकूंकडे असतात, शाळेत कधी गेल्या नाहीत. दसऱ्यापर्यंत खणखणीत होत्या. गेल्या दोन महिन्यांत तेच तेच विचारतात, रात्री दोनला उठून धार काढायला निघतात, आणि परवा तुम्हाला पाहून थोरले दीर आले असं समजून त्यांनी डोक्यावर पदर घेतला. गावातले डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, इकडे आणू आणि एमआरआय करू. अमेरिकेतल्या आत्या नव्या इंजेक्शनबद्दल सांगतात. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की नव्वदीनंतर हे सगळ्यांनाच होतं का.

मी वृद्धांचे आजार पाहणारी फिजिशियन आहे. आजींना मी तपासलेलं नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. पण अशा वेळी मी कोणत्या क्रमाने विचार करते ते सांगू शकते, आणि तो क्रम या वयात फार महत्त्वाचा असतो.

तुमच्या पत्रात मी दोनदा वाचलं ते 'गेल्या दोन महिन्यांत' हे. स्मृतिभ्रंश, ज्याला आपण डिमेन्शिया म्हणतो, तो बहुतेक वेळा वर्षावर्षांनी सरकत येतो. घरच्यांना विचारलं की ते 'तीनेक वर्षं झाली असतील, नक्की आठवत नाही' असं सांगतात. ज्या माणसाच्या बाबतीत घरचे 'दसऱ्यापर्यंत ठीक होत्या' असं बोट ठेवून सांगतात, तिथे मी आधी दुसरंच काहीतरी शोधते. शरीरात कुठेतरी बिघाड झाला की म्हाताऱ्या मेंदूचा तोल लगेच जातो. याला डिलिरियम म्हणतात. गावाकडे 'भ्रम झाला' किंवा 'वात झाला' म्हणतात. तरुण माणसाला न्यूमोनिया झाला तर ताप येतो, खोकला येतो. नव्वदीतल्या माणसाला ताप न येता, खोकला न येता फक्त घोळ सुरू होऊ शकतो. म्हणून 'वयाचं आहे' हे उत्तर या वयात सगळ्यात धोक्याचं असतं. वय दसऱ्यालाही तेच होतं.

डिलिरियम ओळखायची खूण म्हणजे चढउतार आणि उडालेलं लक्ष. सकाळी माणूस बऱ्यापैकी असतो, दिवेलागणीला घोळ सुरू होतो, रात्री वाढतो. आजींना रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार असे. याला अक्षरओळख लागत नाही. दोन वार म्हणून त्या गोंधळल्या, भलतंच बोलू लागल्या किंवा मध्येच डोळे मिटले, तर लक्ष टिकत नाहीये. पूर्वी त्यांना हे सहज जमलं असतं असं तुम्हाला खात्रीने वाटत असेल, तर ही खूण गंभीरपणे घ्या. आणखी एक प्रकार हमखास निसटतो. काही माणसं आरडाओरडा न करता उलट गप्प होतात, दिवसभर पेंगतात, जेवण कमी करतात. घरचे म्हणतात, 'आता शांत झाल्यात.' तोही डिलिरियम असू शकतो, आणि अशा पेशंटला डॉक्टरकडे उशिरा आणलं जातं.

मग शोधायचं काय? सर्वांत आधी औषधांचा डबा. आजींच्या घरातल्या सगळ्या गोळ्या, स्ट्रिपा, पुड्या, आयुर्वेदिक काढे, मेडिकलवाल्याने परस्पर दिलेलं सगळं एका ताटात काढा आणि फोटो काढा. त्यात मी ठरावीक नावं शोधते. झोपेसाठी दिलेलं अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामीन, लघवी वारंवार होते म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, हातपाय दुखतात म्हणून रात्री दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन. साठीतल्या माणसाला यातलं बरंच खपून जातं. ९४ व्या वर्षी एवढंसं औषधही विसर, तोल जाणं आणि रात्रीचा गोंधळ आणू शकतं. त्यातही वाईट चक्र असं की रात्री उठतात म्हणून झोपेची गोळी दिली जाते, गोळीने घोळ वाढतो, आणि घोळ वाढला म्हणून गोळी वाढते. पण झोपेची गोळी बरेच महिने चालू असेल तर ती एकदम बंद करू नका. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते. ब्लडप्रेशरच्या गोळीत थायाझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, असेल तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि नुसतं तेवढंही माणूस बरळायला पुरतं.

त्यानंतर शरीर. पोट किती दिवसांनी साफ होतं? ओटीपोट टणक, फुगलेलं लागतं का? बद्धकोष्ठ आणि तुंबलेली लघवी ही कारणं इतकी साधी आहेत की कुणी विचारतच नाही. लघवी करताना जळजळ, कळ किंवा ताप आहे का? नुसत्या लघवीच्या रिपोर्टवर 'इन्फेक्शन' ठरवू नका, कारण या वयाच्या बऱ्याच बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात. पाणी किती पितात? रात्री उठायला नको म्हणून आज्या दुपारपासून पाणीच तोडतात. गुडघा, कंबर किंवा दात दुखतोय का? दुखणं सांगता आलं नाही की ते चिडचिड होऊन बाहेर पडतं, आणि अशा वेळी पॅरासिटामॉल नेमाने दिल्यावर चिडचिड उतरलेली मी पाहिली आहे. आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत पडल्या होत्या का, हे काकूंना नीट विचारा. 'पडल्या नाहीत, फक्त बसल्या जागी कलंडल्या' हे उत्तरसुद्धा मला पुरतं. या वयात मेंदू थोडा आक्रसलेला असतो, त्यावरच्या शिरा ताणलेल्या असतात, आणि किरकोळ धक्क्यानेही कवटीच्या आत हळूहळू रक्त साचू शकतं. त्याची लक्षणं काही आठवड्यांनी दिसतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ही शक्यता आणखी वाढते.

रक्ताच्या तपासण्या गावातून नमुना पाठवून होतात: हिमोग्लोबिन आणि पेशी, साखर, सोडियम-पोटॅशियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनीन, कॅल्शियम, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि व्हिटॅमिन बी-१२. शेवटची मी आपल्याकडे कधीच सोडत नाही. शाकाहारी माणसांत बी-१२ ची कमतरता फार आढळते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी पँटोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर ती वाढते. बी-१२ भरून काढल्यावर सगळा विसर जाईल असं मात्र मी कुणाला सांगत नाही. कधी फरक पडतो, कधी नाही. पण शोधून भरून काढण्यात तोटा काहीच नाही.

साखरेवरून एक सांगते. आजींना मधुमेह असेल आणि गोळ्या पूर्वीच्याच चालू असतील, तर साखर जास्त असण्यापेक्षा ती पहाटे उतरण्याची मला जास्त भीती वाटते. रक्तदाबाचंही तसंच. तो झोपवून आणि मग उभं करून, असा दोन्ही वेळा मोजून घ्या. कॅलिफोर्नियात २००३ पासून चालू असलेल्या नव्वदीपारच्या लोकांच्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांचा रक्तदाब ऐंशीनंतर पहिल्यांदा वाढला, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश कमी आढळला. याचा अर्थ गोळ्या बंद करा असा नाही. पण पन्नाशीतल्या माणसाचे आकडे नव्वदीतल्या माणसावर लादू नयेत, एवढं मी त्यातून घेतलं आहे.

आता समजा हे सगळं तपासलं आणि काही सापडलं नाही. किंवा सापडलं, सुधारलं, आणि तरीही घोळ थोडा उरला. असं बरेचदा होतं, कारण ज्या मेंदूत आधीच थोडी झीज आहे त्यालाच डिलिरियम लवकर होतो. मग प्रश्न पडतो की 'दसऱ्यापर्यंत खणखणीत' हे कितपत खरं. हे मी तुमच्यावर अविश्वास म्हणून म्हणत नाही. आपल्या एकत्र घरांत म्हाताऱ्या माणसाकडून मानाने एकेक काम काढून घेतलं जातं. स्वयंपाक सून करते, पैसे मुलगा बघतो, देवळात नेऊन आणायला नातू असतो. कामच उरत नाही, तर ते जमत नाहीये हे कळणार कसं? त्यातून आरत्या, ओव्या, पावकी-निमकीचे पाढे तोंडपाठ येत असले की घरचे निश्चिंत होतात. पण लहानपणी पाठ झालेलं सर्वांत शेवटी जातं. ते येतंय म्हणून काल कोण येऊन गेलं तेही आठवत असेल, असं नाही.

म्हणून मी घरातल्या बायकांना वेगळे प्रश्न विचारते. गेल्या वर्षी या दिवसांत आजी वाती वळत होत्या का, लसूण सोलत होत्या का, तांदूळ निवडत होत्या का, आणि आता? हात थकले म्हणून थांबल्या, की निवडलेले आणि न निवडलेले एकत्र करू लागल्या म्हणून? नऊवारी लुगडं स्वतः नेसतात का? लुगडं नेसण्याला क्रम असतो, आणि तो क्रम चुकू लागणं ही मला कुठल्याही कागदी चाचणीपेक्षा बोलकी खूण वाटते. एकादशी कधी आहे, कोणता महिना चालू आहे, घरात सध्या कोणाचं बाळंतपण होऊन गेलं, हे विचारा. इंग्रजी तारीख विचारू नका. ती त्यांना कधीच लागली नव्हती.

हे सांगायचं कारण असं की दवाखान्यात सगळीकडे वापरली जाणारी ३० गुणांची चाचणी लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी बनलेली आहे. तिच्यात वाक्य लिहायचं असतं, एकमेकांत गुंतलेले पंचकोन काढायचे असतात, १०० मधून ७ वजा करत जायचं असतं. निरक्षर आजी त्यात नापास होणारच. हरियाणातल्या बल्लभगढला झालेल्या अभ्यासासाठी याच कारणाने वेगळी हिंदी चाचणी बनवली गेली आणि रोजच्या कामांबद्दल घरच्यांना विचारायची एक प्रश्नावलीही. चांगला डॉक्टर आजींना बोलतं करेल आणि काकूंशी अर्धा तास बोलेल. पेन-कागद देऊन गुण काढले आणि त्यावर निदान लिहिलं, तर दुसरं मत घ्या.

कान आणि डोळेही याच्याच आधी बघायचे. कानातला मळ काढल्यावर अर्धा 'विसर' गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना प्रश्नच ऐकू येत नव्हता. ७० ते ८४ वयाच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना विसराचा धोका आधीच जास्त होता अशांत श्रवणयंत्रामुळे बुद्धीची घसरण तीन वर्षांत निम्म्याच्या आसपास मंदावली. सगळ्यांना मिळून पाहिलं तर फरक दिसला नाही. आजींचं वय त्या गटाच्या पुढचं आहे, पण ऐकू आलं तर त्या गप्पांत राहतील, एवढा फायदा तर आजच आहे. मोतीबिंदू पिकला असेल आणि खोलीत माणसं, पोरं, जनावरं दिसतात असं त्या म्हणत असतील, तर त्या 'दिसतं पण ते खरं नाही' असंही म्हणतात का ते विचारा. अंधुक नजरेमुळे धडधाकट बुद्धीच्या माणसालाही असं दिसू शकतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, सगळ्यांनाच होत नाही. पण धोका मोठा आहे. वर म्हटलेल्या कॅलिफोर्नियाच्या अभ्यासात ९० ते ९४ वयात दर वर्षी शंभरातल्या सुमारे १३ जणांना नव्याने स्मृतिभ्रंश झाला, ९५ ते ९९ मध्ये सुमारे २१ जणांना आणि शंभरीपुढे सुमारे ४१ जणांना. ती माणसं बहुतेक शिकलेली, सुखवस्तू आणि गोरी होती, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे साताऱ्याला लावता येत नाहीत. भारतात साठीपुढच्या लोकांत हे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसं, असा अंदाज देशव्यापी अभ्यासातून निघाला आहे, आणि तो बायकांत व खेड्यांत जास्त आहे.

दुसऱ्या बाजूला नेदरलँड्सच्या हेंड्रिक्ये वान आंदेल-शिपर होत्या. १८९० चा जन्म, २००५ मध्ये ११५ व्या वर्षी मृत्यू. ११२ आणि ११३ व्या वर्षी त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या झाल्या तेव्हा त्या साठ ते पंचाहत्तरीतल्या निरोगी लोकांच्या सरासरीपेक्षा सरस ठरल्या, आणि मृत्यूनंतर मेंदूत अल्झायमरची, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आजाराची, खूण जवळपास नव्हती. अ‍ॅमस्टरडॅमला शंभरीपारच्या तल्लख लोकांचा अभ्यास चालू आहे, त्यातही पुढची काही वर्षं बहुतेकांची बुद्धी टिकली, स्मरण तेवढं थोडं उतरलं.

या वयातली सगळ्यात चकित करणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. नव्वदीनंतर मेंदूतली झीज आणि माणसाचं वागणं यांचा मेळ सैल होतो. मृत्यूनंतर मेंदू तपासले तर काहींत अल्झायमरचे भरपूर डाग सापडतात, पण माणूस शेवटपर्यंत शहाणा होता. काहींत उलटं: स्मृतिभ्रंश होता, पण त्याला पुरेल एवढं एकही कारण सापडत नाही. बहुतेकांत थोडं अल्झायमरचं, थोडं बारीक रक्तवाहिन्यांचं, थोडं इतर प्रथिनांचं असं सगळं एकत्र असतं. ऐंशीनंतर दिसणारा असाच एक अल्झायमरसारखा भासणारा आजार तर २०१९ मध्ये वेगळं नाव देऊन ओळखला गेला. म्हणूनच ९४ व्या वर्षी 'अल्झायमर आहे की नाही' या प्रश्नाचा मी फार पाठलाग करत नाही. काय बदललं, किती वेगाने, त्यातलं काय सुधारतं आणि रोजचा दिवस कसा जातो, याच्या उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं.

यातूनच एमआरआयचं उत्तर निघतं. एमआरआयमध्ये आवाज करणाऱ्या नळीत अर्धा तास हलायचं नाही. त्यासाठी भूल दिली तर डिलिरियम वाढेल. आणि रिपोर्टमध्ये वयानुसार मेंदू आक्रसलाय असं लिहून येईल, जे या वयाच्या जवळजवळ कुणाच्याही रिपोर्टमध्ये येतं. मात्र आजी पडल्या असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, एक हात किंवा पाय लुळा वाटत असेल, चाल अचानक बदलली असेल, नवी डोकेदुखी असेल किंवा झापड येत असेल, तर साताऱ्यात साधा सीटी स्कॅन त्याच दिवशी करा. काही मिनिटांत होतो आणि साचलेलं रक्त दाखवतो.

केवळ तपासण्यांसाठी त्यांना पुण्याला हलवू नका. अनोळखी फ्लॅट, लिफ्ट, वेगळा संडास, ओटा नाही, ओळखीचे आवाज नाहीत. चार दिवसांत घोळ दुप्पट झालेला मी पुष्कळ घरांत पाहिला आहे. एक महिना एका मुलाकडे, पुढचा महिना दुसऱ्याकडे अशी वाटणी तर अशा माणसाला अजिबात सोसत नाही. ज्या घरात त्या अंधारात हाताने कडी शोधू शकतात, तिथेच राहू द्या आणि उपचार तिकडे न्या.

आत्यांना सांगा, त्यांची काळजी बरोबर आहे, पण ते इंजेक्शन आजींसाठी नाही. अशा नव्या इंजेक्शनांपैकी लेकानेमॅबची मुख्य चाचणी ५० ते ९० वयाच्या, अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमरच्या लोकांवर झाली. त्याला आधी खास तपासण्या, मग वारंवार एमआरआय लागतात आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. स्मृतिभ्रंशाच्या जुन्या गोळ्यांपैकी डोनेपेझिलचा फायदा बेताचाच असतो. ती नाडी मंदावते, भूक मारते, वजन उतरवते. द्यायचीच ठरली तर आधी ईसीजी काढा, तीन महिन्यांनी खरंच फरक पडला का ते काकूंना विचारा, आणि नसेल तर डॉक्टरांना सांगून थांबवा. रात्री शांत झोपाव्यात म्हणून रिस्पेरिडोन किंवा क्वेटियापिन, ही मुळात मानसिक आजारांवरची औषधं, लिहून दिली तर का, किती दिवसांसाठी, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत या औषधांनी पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून मी ती फक्त स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याची वेळ आली तर, कमीत कमी डोसमध्ये, थोड्या दिवसांसाठी देते.

रात्री त्या धार काढायला निघतात तेव्हा 'गाय विकून वीस वर्षं झाली' असं सांगून वाद घालू नका. आधी लघवीला लागली आहे का ते बघा. बरेचदा उठायचं खरं कारण तेच असतं. मग 'धार झाली, दूध तापत ठेवलंय' म्हणून पुन्हा निजवा. 'मालक कुठे गेले' असं विचारलं तर प्रत्येक वेळी ते वारल्याचं सांगू नका, कारण प्रत्येक वेळी ते दुःख त्यांना नवंच होतं. मालकांबद्दल काहीतरी विचारा, त्या बोलू लागतील. खोलीत मंद दिवा ठेवा, पलंगाजवळ कमोडची खुर्ची ठेवा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, सकाळी उन्हात अंगणात बसवा आणि हातात काम द्या. तांदूळ चुकीचे निवडले गेले तरी चालतील.

शेवटी तुम्ही न विचारलेलं एक. तुमच्या पत्रात काकूंचा उल्लेख एकदाच आला, पण रात्री दोनला उठतात त्या काकूच. त्या स्वतः साठीच्या पुढे असतील. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा चार रात्री आजींच्या खोलीत तुम्ही झोपा आणि काकूंना माहेरी किंवा लेकीकडे पाठवा. त्या चार रात्रींत आजी किती वाजता उठतात, काय म्हणतात, कशाने शांत होतात हे वहीत लिहून ठेवा. ती वही, गोळ्यांचा फोटो आणि रक्ताचे रिपोर्ट घेऊन साताऱ्यातल्या चांगल्या फिजिशियनना भेटा. आजींना लगेच न्यायचं ते मात्र या खुणा दिसल्या तर: झापड, ताप, श्वास लागणं, दिवसभर लघवी न होणं, किंवा खाणंपिणं बंद होणं. तसं असेल तर वही भरायची वाट पाहू नका.